कौतुकाची शाल आणि कामाचं मोल

(अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा आणि घरकामगार कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात समारोपाच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला आहे तो 'आयुष्यातलं आणि कामातलं कौतुक' असा. काहीजणींना वाटेल, संघटनेच्या शिबिरात हा कसला विषय? मागण्या, मोर्चे, वेतन, हिंसाचार हे आपले नेहमीचे विषय. कौतुक वगैरे हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात ठीक आहे. पण काल ओळखीच्या सत्रात तुम्हाला दोन प्रश्न विचारले होते ते आठवा. पहिला, तुमच्या कामाचं शेवटचं कौतुक कुणी आणि कधी केलं? दुसरा, त्यानंतर काय बदललं?

पहिल्या प्रश्नाला उत्तरं यायला वेळ लागला, पण आली. एकीच्या सासूबाईंनी नणंदेच्या बाळंतपणानंतर चार पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, "हिनं केलं म्हणून निभावलं." एका आशाताईंसाठी मासिक बैठकीत टाळ्या वाजवल्या गेल्या होत्या. एकीला कामाच्या घरच्या बाईंनी दिवाळीला साडी दिली होती आणि "तुझ्या हाताला चव आहे गं" असं म्हटलं होतं. हे सांगताना तुमचे चेहरे उजळले होते. मी बघत होते. त्या आठवणी तुम्ही जपून ठेवल्या आहेत.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र कुणी बोलेना. शेवटी मागच्या रांगेतल्या मदतनीस मावशी म्हणाल्या, "बदललं ना! दुसऱ्या दिवसापासून काम वाढलं." सगळ्याजणी हसल्या. त्या हसण्यात किती अनुभव होता ते वेगळं सांगायला नको.

आणि आज हा विषय आणखी एका कारणाने आपल्यापुढे आहे. येत्या ८ मार्चला तालुक्याच्या ठिकाणी तुमच्यापैकी अकराजणींचा सत्कार करायचा असं पत्र आलेलं आहे. शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह. त्याच अकराजणींचं तीन महिन्यांचं मानधन थकलेलं आहे. काल रात्री जेवणं झाल्यावर यावरून दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, जायचंच नाही. काहीजणी म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदा कुणी स्टेजवर बोलावतंय, माझ्या मुलीला ते बघू दे. दोन्ही बाजू मला खऱ्या वाटतात. म्हणून आज जे बोलणार आहे ते या निर्णयाला धरूनच बोलणार आहे.

कौतुक आणि कदर

आधी शब्दांकडे बघू. आपण 'कौतुक' आणि 'कदर' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांची मुळं वेगळी आहेत. कौतुक हा संस्कृतातला शब्द. कुतूहल, नवल, बघण्याजोगी गोष्ट असा त्याचा जुना अर्थ. कदर हा अरबीतून आपल्याकडे आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ माप, मोल. म्हणजे कौतुक करणारा लांब उभा राहून बघतो आणि त्याला छान वाटतं. कदर करायची तर जवळ यावं लागतं, मोजावं लागतं, त्याचं मोल किती ते सांगावं लागतं.

आणखी एक शब्द आपल्याकडे आहे, 'पोच'. माल मिळाला की पोचपावती देतात. पावती देणारा लिहून कबूल करतो की, होय, तुमच्याकडून मी इतकं घेतलं. बाईच्या कामाला पावती मिळत नाही, कारण तिच्याकडून काही घेतलं जातंय हेच कुणाला कबूल नसतं. ती घरासाठी करते, तिचा स्वभावच तसा आहे, बायकांना ते जमतंच, असं म्हटलं की घेणाऱ्यावर कसलंच देणं राहत नाही.

घरातलं काम : मोजमाप कधी होतं?

सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात ते नोंदवलं. घरच्यांसाठी बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्यांत सहा वर्षांपुढच्या ८१ टक्के मुली-बायका होत्या आणि पुरुष होते २६ टक्के. काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषाचा ९७ मिनिटं. पाच वर्षांनी, २०२४ साली, पुन्हा तशीच पाहणी झाली. बाईची मिनिटं २८९ झाली. पुरुषाचीही वाढली नाहीत, ती उतरून ८८ वर आली! दिवसाचे जवळजवळ पाच तास, आठवड्यातून सातही दिवस. सुट्टी नाही, रविवारी तर काम जास्तच.

ही आकडेवारी सरकारला मिळाली, कारण स्त्रियांच्या चळवळीने आणि अभ्यासक बायकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. १९९१ च्या जनगणनेत कामाबद्दलच्या प्रश्नात 'शेतातलं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी काम धरून' अशा अर्थाचे शब्द मुद्दाम घातले गेले, त्यामागेही हाच रेटा होता. तोवर प्रगणक दारात येऊन विचारायचा, "बाई काय करतात?" आणि घरातला पुरुष सांगायचा, "काही नाही, घरीच असतात." पहाटे चारला उठून गुरांचं शेण काढणारी, दुपारी निंदणी करणारी, रात्री भाकरी थापणारी बाई कागदावर 'काही नाही' ठरायची. चूल, पाणी, मुलं, आजारी माणसं हे काम तर नंतरही 'काम' म्हणून मोजलं गेलं नाही. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायका काम न करणाऱ्यांच्या गटात पडल्या, त्याच गटात भिकारी आणि कैदीही होते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल स्पष्ट नापसंती व्यक्त केली.

न्यायालयाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते. आपल्या देशात गृहिणीच्या कामाची रुपयांत किंमत करायची वेळ कधी येते? ती मेल्यावर. अपघातात बाई गेली आणि घरच्यांनी नुकसानभरपाई मागितली, की न्यायालयाला विचारावं लागतं, ही बाई दर महिन्याला किती किमतीचं काम करत होती?

मोटार वाहन कायद्याला १९९४ साली जे परिशिष्ट जोडलं त्यात कमावत नसलेल्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरावं असं होतं. म्हणजे नवरा वकील असेल तर त्याच्या बायकोच्या पोळीची किंमत जास्त, आणि नवरा हमाल असेल तर तीच पोळी स्वस्त! जमशेदपूरला १९८९ साली एका समारंभात आग लागून अनेक बायका-मुलं गेली, त्या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. २०१० साली न्यायालय म्हणालं की तिच्या अनेक कामांकडे डोळेझाक करता येणार नाही. २०२१ च्या जानेवारीत पुन्हा एका निकालात सांगितलं की गृहिणीचं उत्पन्न गृहीत धरणं ही तिच्या श्रमांना दिलेली मान्यता आहे.

हे निकाल महत्त्वाचे आहेत, आपण त्यांचं स्वागत केलं पाहिजे. पण यातला विरोधाभासही बघा. जिवंत असताना जिच्या हातात भाजीला दहा रुपये मोजून पडत होते, तिच्या कामाची किंमत ती गेल्यावर ठरते आणि ते पैसे बहुधा त्याच घराला मिळतात. ती असताना हा हिशोब कुणी मांडला असता तर?

शेतकरी संघटनेने हा हिशोब एकदा मांडला होता. १९८६ साली चांदवडला लाखांच्या संख्येने शेतकरी बायका जमल्या. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम दिला. बायकोला घरची लक्ष्मी म्हणता ना, मग तिच्या श्रमांचं देणं म्हणून जमिनीचा एक तुकडा तिच्या नावावर करा. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून जाहीर व्हायचं. त्या संघटनेच्या इतर भूमिकांबद्दल आपले मतभेद होते आणि आहेत. नवऱ्याने उपकार म्हणून द्यायचं की हक्क म्हणून घ्यायचं हाही वाद आहेच. पण एक गोष्ट तिथे घडली. 'लक्ष्मी' हा शब्द कौतुकातून निघून सातबाऱ्यावर गेला. सातबाऱ्यावर नाव असलेल्या बाईला मध्यरात्री घराबाहेर काढताना माणूस दोनदा विचार करतो.

म्हणून घरातल्या कौतुकाबद्दल माझं म्हणणं असं. "तुझ्यासारखी भाजी कुणाला जमत नाही" हे वाक्य ऐकायला गोड आहे, आणि ते मनापासून म्हटलेलंही असतं. पण त्या वाक्यानंतर म्हणणारा भांडी घासायला उठतो का, हे बघा. उठला तर ती कदर. जागेवर बसूनच आणखी वाढायला सांगितलं तर ते नुसतं कौतुक.

'मान' आणि 'धन'

आता घराबाहेर येऊ. तुमच्या कामाकडे. इथे एक शब्द आपल्या मानेवर बसलेला आहे, 'मानधन'.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्यात सेविका ठरली 'मानसेवी'. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यात आशा आली. साधारण हजार लोकवस्तीला एक. तिलाही 'स्वयंसेविका' म्हटलं गेलं. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. गरोदर बाईला दवाखान्यात नेलं की इतके, लसीकरणाच्या सत्राला बाळं आणली की इतके.

हे असं का ठरलं? कारण हे काम बायकांचं मानलं गेलं. मुलांना खाऊ घालणं, त्यांना गाणी शिकवणं, बाळंतिणीची विचारपूस करणं, आजाऱ्याला औषध देणं. घरी फुकट करतातच, तेच गावासाठी करतील, वर थोडा मान देऊ आणि थोडं धन. म्हणजे घरातल्या कामाची जी किंमत केली नाही, तीच बाहेर येऊन तुमच्या मानधनाच्या आकड्यात बसली. ही साखळी नीट लक्षात घ्या. घरच्या कामाला काम न म्हणण्याचे पैसे कुणाचे वाचतात? नवऱ्याचे वाचतात, तसे सरकारचेही वाचतात.

शब्दातून पुढे बरंच काही ठरतं. मजूर म्हटलं की किमान वेतन आलं. कर्मचारी म्हटलं की रजा, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन आलं. मानसेवी म्हटलं की यातलं काहीच येत नाही. मान मात्र भरपूर.

मानाचा कळस आपण पाहिला तो करोनाच्या काळात. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी सगळ्या देशाने गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. तुम्हाला 'करोना योद्ध्या' म्हटलं गेलं. त्याच काळात तुम्ही साधा मास्क मागत होतात. अनेकींनी ओढणी तोंडाला बांधून घरोघरी सर्वेक्षण केलं. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली आणि त्या मोहिमेचे पाय म्हणजे तुमचे पाय होते. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे काही वाढ पदरात पडली.

मग २२ मे २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार जाहीर केला. ही लहान गोष्ट नाही. जगाने दखल घेतली, आपल्याला अभिमान वाटला. पण त्या पुरस्कारानंतर दीड वर्षाच्या आत, ऑक्टोबर २०२३ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक पुन्हा संपावर होत्या. मागण्या मान्य झाल्याचं जाहीर झालं, पण शासन निर्णय निघेना. म्हणून २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा संप, आणि मुंबईत आझाद मैदानावर मुक्काम. अंगणवाडीच्या बहिणींचा संप ४ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला आणि ५२ दिवस चालला. तुमच्यापैकी कितीतरीजणी त्यात होत्या. लहान पोरं शेजारणीकडे ठेवून, थंडीत उघड्यावर झोपून तुम्ही लढलात. तेव्हा सत्काराचं पत्र कुणी पाठवलं नव्हतं. आली ती कामावरून काढण्याच्या नोटिसांची भीती.

म्हणजे पुरस्कार एका हाताने आणि नोटीस दुसऱ्या हाताने. हे दोन्ही हात एकाच शरीराचे आहेत, हे आपण विसरायचं नाही.

काही मिळालं ते कशाने मिळालं तेही बघा. २०१३ साली भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली की योजनांवर काम करणाऱ्या बायकांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, त्यांना किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा मिळावी. ही शिफारस युनियनच्या रेट्यातून आली. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या अंगणवाडी सेविका-मदतनीसांच्या खटल्यात निकाल दिला की १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा त्यांना लागू होतो आणि त्यांना मिळतं ते 'वेतन'च आहे. 'मानधन' या शब्दाची भिंत तिथे एका ठिकाणी फोडली गेली. हा निकाल मागणाऱ्या बायका वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढत होत्या. या निकालाचा कागद प्रत्येकीने आपल्या पिशवीत ठेवावा. माझ्या मते कोणत्याही सन्मानचिन्हापेक्षा तो मोलाचा आहे.

ओळखपत्राची गोष्ट

आता पुण्यातली एक गोष्ट. रस्त्यावरचा, कचराकुंडीतला कचरा वेचणाऱ्या बायका. बहुतेक दलित, बऱ्याच दुष्काळी भागातून आलेल्या. लोक त्यांना बघून नाक दाबायचे, पोलीस चोरीच्या संशयाने हटकायचे. १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या काही कार्यकर्त्या प्राध्यापिकांच्या कामातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. या बायकांनी काय मागितलं? 'आमचं कौतुक करा' असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आम्ही जे करतो ते काम आहे. कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेगळा काढतो, तो पुन्हा कारखान्यात जातो, शहराचा कचरा वाहून नेण्याचा खर्च वाचतो. हा हिशोब मांडा आणि आम्हाला ओळखपत्र द्या.

१९९० च्या दशकाच्या मध्यात पुणे महापालिकेने संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे आरोग्यविम्याची सोय झाली. २००८ साली याच बायकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेबरोबर महापालिकेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. संघर्ष संपला नाही, करार टिकवायला त्यांना पुन्हा पुन्हा भांडावं लागलं. पण क्रम बघा. आधी ओळख, मग हिशोब, मग करार. आणि या सगळ्यातून बाईच्या स्वतःच्या मनात जो फरक पडतो तो वेगळाच. खिशात ओळखपत्र असलेली बाई पोलिसाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलते. माझं काम म्हणजे काम आहे, हे आधी तिला स्वतःला पटतं.

मग शब्दांना काहीच किंमत नाही?

आहे. पुष्कळ आहे. नाहीतर काल ते सांगताना तुमचे चेहरे उजळले नसते. माणसाला पोट आहे तसं मन आहे. आपण केलेलं कुणीतरी पाहिलं, कुणाला तरी ते कळलं, ही भूक खरी आहे. ती असण्यात कमीपणा काहीच नाही. जिचं वर्षानुवर्षं कुणी पाहिलंच नाही, तिला स्वतःचं काम स्वतःलाच दिसेनासं होतं. "मी काय, काही नाही करत" असं ती स्वतःच सांगू लागते.

सावित्रीबाई फुल्यांची जोतिरावांना लिहिलेली पत्रं आहेत. त्यातलं १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र त्यांनी आजारपणात माहेराहून, नायगावहून लिहिलं. आपण नसल्याने शाळेच्या कामाचा सगळा भार फातिमावर पडला असेल, पण ती कुरकुर करणारी नाही, अशा आशयाचा उल्लेख त्यात आहे. एवढाच. एका बाईने दुसऱ्या बाईच्या कामाची घेतलेली दखल. ती मागे राहिली ती या दोन ओळींमुळे. ते कौतुक फातिमाला ऐकवण्यासाठी लिहिलेलं नव्हतं. त्यात काम काय होतं ते आहे, कुणाच्या गैरहजेरीत होतं ते आहे आणि करणारीचं नाव आहे. कदर करायची तर अशी करावी.

कोणत्या कौतुकापासून सावध राहायचं, तेही सांगते. सोसण्याचं कौतुक घातक. "किती सोशिक आहे बिचारी, नवरा मारतो पण चकार शब्द काढत नाही." असं कौतुक बाईचा गळा दाबतं. एकीला वर काढून बाकीच्यांना गप्प करणारं कौतुकही घातक. एका सेविकेला 'आदर्श' म्हणायचं आणि मग इतरांना विचारायचं, तिला जमतं मग तुम्हाला का नाही? आणि तिसरं, कामाच्या जागी जातीने बसवून ठेवणारं कौतुक. झाडणाऱ्या बाईला 'स्वच्छतेची देवता' म्हणायचं, पण हातमोजे द्यायचे नाहीत आणि तिच्या मुलीने तेच काम करावं अशी व्यवस्था ठेवायची.

आपल्या संघटनांमध्ये

जे सरकारकडून आणि नवऱ्याकडून मागतो ते आपल्यातही रुजवायला हवं. मी तीन साध्या गोष्टी सुचवते.

एक, नोंद. शिबिर झालं की अहवालात वक्त्यांची नावं येतात. सतरंज्या कुणी घातल्या, शंभर माणसांचा स्वयंपाक कुणी केला, पाळणाघर कुणी सांभाळलं, पावत्या कुणी जुळवल्या, हीही नावं लिहायची. पुढे कुणी आपल्या चळवळीचा इतिहास लिहील तेव्हा तिला ती सापडली पाहिजेत.

दोन, नेमकं बोलणं. "छान झालं हं" यापेक्षा "तहसीलदारांनी आवाज चढवला तेव्हा तू खाली न बसता तारीख लिहून मागितलीस, त्याने बैठक वळली" असं सांगायचं. ऐकणारीला कळतं की आपलं काय उपयोगी पडलं, आणि दुसरीलाही शिकायला मिळतं.

तीन, पाळी. जिच्या पुरणपोळीचं कौतुक होतं तिला कायम चुलीपाशी ठेवायचं नाही. पुढच्या शिबिरात तिच्या हातात माइक आणि आजच्या वक्त्यांच्या हातात लाटणं. माझ्यासकट!

आणि घरी गेल्यावर एक काम करा. एका कागदावर तुमचे चोवीस तास लिहा. किती वाजता काय केलं, कुणासाठी केलं. शेजारी नवऱ्याचे चोवीस तास लिहा. भांडायचं नाही, फक्त कागद भिंतीवर लावायचा. मुलांना वाचू दे.

तर सत्काराला जायचं का?

निर्णय तुमचा आहे, आणि तो सगळ्यांनी मिळून घ्यायचा आहे. माझं मत विचाराल तर मी म्हणेन, जा. शाल घ्यायला लाज वाटायचं कारण नाही, ती तुम्ही कष्टाने मिळवलेली आहे. तुमच्या लेकीने तुम्हाला स्टेजवर बघावं हे मलाही वाटतं. पण ती शाल तोंडावर बांधायची नाही, एवढं करा.

त्यासाठी चार गोष्टी आजच ठरवा. पहिली, पत्राला आजच उत्तर द्या की आम्ही येऊ, आणि आमच्यातर्फे एकजण पाच मिनिटं बोलेल. दुसरी, अकरांच्या यादीत एकही मदतनीस नाही. सेविकेइतकंच तिचं अंग मोडतं, मोबदला तिला सर्वांत कमी मिळतो. तिचं नाव घातल्याशिवाय यादी आम्हाला मान्य नाही, असं त्याच उत्तरात लिहा. तिसरी, थकलेल्या मानधनाचा तक्ता करा. गाव, महिना, रक्कम. स्टेजवर जाताना एका हातात तो तक्ता असू दे. श्रीफळ घेतलं की तक्ता द्यायचा आणि पोच मागायची. सही, शिक्का, तारीख. चौथी, ज्या शंभर-दीडशेजणींना बोलावणं नाही त्यांनी समोर बसायचं. अकराजणींच्या मागे कोण आहे ते दिसलं पाहिजे.

पोच मिळाली नाही तर काय करायचं, तेही इथेच ठरवून उठू. माझी सूचना अशी की तशाच सगळ्याजणी, शाली खांद्यावर घेऊन, त्याच दिवशी कार्यालयाच्या दारात बसायचं. सत्कारमूर्तींना उठवायला कोण येतं ते बघू.

आता चर्चेला सुरुवात करू या. काल रात्री 'जायचं नाही' म्हणणाऱ्यांनी आधी बोलावं. आणि मागच्या रांगेतल्या मावशी, तुम्ही पुढे या, आजच्या बैठकीच्या अध्यक्ष तुम्ही.

जिंदाबाद!